मेणाच्या सिलिंडरवर भरलेला आवाज बारीक आणि खरखरीत येतोय? स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हे तपासा

घरात जुना फोनोग्राफ आहे, कंपनीचे सिलिंडर त्यावर खणखणीत वाजतात, पण आपण स्वतः भरलेला आवाज मात्र ऐकवत नाही. मालवण-देवगडपासून गुहागर-दापोलीपर्यंत ज्यांच्याकडे ही यंत्रं आहेत त्यांच्याकडून वर्षानुवर्षं हीच तक्रार येते, आणि ती येते गणपती नाहीतर शिमगा उलटल्यावर. कारण उघड आहे. चाकरमानी घरी येतात, माळ्यावरची पेटी खाली उतरते, आणि आजीचा नाहीतर गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांचा आवाज मेणावर भरायची हौस येते.

आधी लक्षण नीट ओळखा. ‘आवाज बरो येत नाय’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

– आवाज आहे, पण बारीक. कर्ण्यात कान घातला तरच शब्द लागतात.
– आवाजावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी खरखर.
– दर फेऱ्याला एकदा ‘फस्स’ होतं, म्हणजे सेकंदाला अडीच-पावणेतीन वेळा.
– सूर डोलतो. सलग लावलेला सा वर-खाली होतो.
– एका शब्दाच्या मागे दुसराच शब्द पुसट ऐकू येतो.
– पहिल्यांदा बरं वाजलं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा निम्मं गेलं.
– मधूनच धप्प आवाज होऊन वेग हलतो, किंवा कोरणी एकाच जागी घुटमळते.

पहिली दोन लक्षणं जोडीने असतील तर किनारपट्टीवर दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. तो मेणाचा, हवेचा आणि बोलणाऱ्याच्या तोंडाचा असतो. लोक नेमकं उलट करतात: आधी रेकॉर्डर, म्हणजे आवाज कोरणारा भाग, उघडतात, शंभर वर्षांची काच तडकवतात, आणि मग विचारतात की पावसात मेण चालतं का.

हे सगळं एडिसनच्या स्टँडर्ड, होम, जेम अशा यंत्रांसाठी आणि दोन मिनिटांच्या तपकिरी मेणाच्या कोऱ्या सिलिंडरसाठी आहे. कोलंबियाच्या ग्राफोफोनची रचना थोडी वेगळी आहे, पण मेणाचे नियम तेच. निळे सिलिंडर, म्हणजे १९१२ नंतरचे ब्लू अँबेरोल, सेल्युलॉइडचे असतात. त्यावर घरी आवाज भरता येत नाही, तो नाद सोडा.

वाजवणं वेगळं, कोरणं वेगळं

‘काका, वाजवताना बरा वाजता, भरताना मरता,’ असं एकाने सांगितलं होतं. दुखणं त्याने एका वाक्यात मांडलं. वाजवताना रिप्रोड्यूसरचा, म्हणजे वाजवणाऱ्या भागाचा, गुळगुळीत नीलम तयार खाचेतून घसरत जातो. भरताना रेकॉर्डरच्या धारदार नीलमाला मेण कापत पुढे जावं लागतं, त्याला जोर जास्त लागतो. म्हणून यंत्र फिरवणारा पट्टा थोडा ढिला असला तरी वाजवताना कळत नाही, भरताना लगेच कळतं.

आकडेही ध्यानात ठेवा. सिलिंडर साधारण सव्वादोन इंच व्यासाचा आणि सव्वाचार इंच लांब. एका इंचात १०० खाचा, म्हणजे दोन खाचांमध्ये पाव मिलिमीटर. वेग मिनिटाला १६० फेरे. मेणाचा पृष्ठभाग नीलमाखालून सेकंदाला जवळजवळ ४८ सेंटिमीटर सरकतो, आणि खाचेची खोली इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. आवाज त्या खोलीतल्या चढउतारांतच असतो. एवढ्या उथळ कामात दमट हवेचा एक थरसुद्धा पुरेसा आडवा येतो.

फुकटची तपासणी, पहिली: दिवस आणि वेळ

तपकिरी मेण म्हणजे मेणबत्तीचं मेण नव्हे. ते स्टिअरिक आम्लापासून केलेलं, धातू मिसळलेलं, साबणाच्या जातीचं आहे. हवेतल्या ओलाव्याशी त्याचं जमत नाही. आषाढ-श्रावणात उघड्यावर राहिलेल्या कोऱ्या सिलिंडरवर धुरकट छटा येते. तिच्यावर कोरलं की कीस मोकळा न सुटता चिकटतो, आणि खाचेच्या तळाला खरखर बसते.

उष्णतेचंही तसंच. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पडवीत भरलेला सिलिंडर आणि त्याच जागी पहाटे भरलेला सिलिंडर यांत कोणालाही कळेल इतका फरक पडतो. मेण मऊ असलं की कडा ढासळतात, आणि पहिल्या-दुसऱ्या वाजवण्यातच आवाज पुसला जातो. ‘तिसऱ्यांदा बारीक आला’ या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे.

यावर एसीच्या खोलीत भरायची युक्ती काही जण करतात. चालते, पण एका अटीवर. बाहेरचा दमट सिलिंडर आत नेऊन लगेच चढवू नका, आणि एसीतला गार सिलिंडर तसाच ओटीवर आणू नका. गार मेणावर बाहेरची हवा लागताच दव धरतं. डबा बंद ठेवून दोन-तीन तास खोलीतच राहू द्या. फार गार मेणही वाईट, ते कडक होतं आणि कापलं जाण्याऐवजी खरवडलं जातं. माझा अनुभव असा की पंचविसाच्या आसपासचं तापमान आणि कोरडी हवा सगळ्यांत बरी. म्हणजे मार्गशीर्ष ते माघातल्या सकाळी. गणपतीत भरायचंच असेल तर उघडीप पाहून, सकाळी, दारं-खिडक्या लावून भरा. आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. तो कीस उडवतो, शिवाय त्याची घरघर कर्ण्यात शिरते.

दुसरी: चार मिनिटांचा दांडा कुठे आहे?

१९०८ मध्ये चार मिनिटांचे सिलिंडर आले. त्यात इंचाला २०० खाचा. नंतरच्या बऱ्याच यंत्रांना दोन किंवा चार मिनिटं निवडायचा दांडा जोडलेला असतो. शेवटचा वाजवलेला सिलिंडर चार मिनिटांचा असेल आणि दांडा तिथेच राहिला असेल, तर दोन मिनिटांची रुंद कोरणी निम्म्या अंतराने सरकते. प्रत्येक खाच आधीच्या खाचेवर चढते, आणि शब्दामागे शब्द ऐकू येतो. यात दुरुस्ती काही नाही. दांडा दोन मिनिटांवर आणा आणि पुन्हा भरा.

ऐकतानाही तीच काळजी घ्या. चार मिनिटांचा नीलम बारीक असतो, तो तपकिरी मेणात रुततो. दोन टोकांचा मॉडेल के रिप्रोड्यूसर असेल तर योग्य टोक खाली आहे ना ते पाहा. मॉडेल सी रिप्रोड्यूसर हा १९०२ मध्ये कडक काळ्या मेणाच्या सिलिंडरांबरोबर आला. तपकिरी मेणाला तो जड पडतो. जुना ऑटोमॅटिक किंवा मॉडेल बी मिळत असेल तर तोच लावा. आवाज थोडा कमी येईल, पण सिलिंडर टिकेल.

तिसरी: तोंड, कर्णा आणि ‘व्हय म्हाराजा’

इथे मायक्रोफोन नाही, वीज नाही. तुमच्या आवाजाचा जोर पडदा हलवतो, पडदा नीलम हलवतो, बस्स. तोंड कर्ण्याच्या कडेपासून दोन-तीन बोटांवर हवं. हातभर लांब बसून प्रेमाने बोललेली आजी मेणावर उतरत नाही. तोंड कर्ण्यात खुपसलं तर प, फ, भ आले की पडदा हबकतो आणि आवाज फाटतो. मोठ्याने, सपाट, एका पट्टीत बोलायचं. वरच्या सुराला गाणाऱ्याने मान थोडी मागे घ्यायची.

गाऱ्हाणं भरताना नेहमी होतं ते असं. गाऱ्हाणं घालणारा कर्ण्यासमोर उभा राहतो, त्याचं ‘बा देवा म्हाराजा’ स्वच्छ येतं, आणि नंतरचं ‘व्हय म्हाराजा’ गायबच. कारण बाकीची मंडळी नेहमीसारखी खळ्यात पसरलेली असतात. त्यांना गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांना लागून, तोंडं कर्ण्याकडे करून दाटीने उभं करा. देवाची माफी मागून सांगा की आज रांग मोडली तरी चालेल. सिलिंडर दोन मिनिटांतच संपतो, त्यामुळे आख्खं गाऱ्हाणं बसणार नाही. कुठे तोडायचं ते आधी ठरवा.

वाद्यांमध्ये सनई छान उतरते. पखवाजाची डाव्या हाताची थाप उतरतच नाही, आणि झांज जवळ असली तर सगळं फाडते. पेटी बारीक येते, पण ती एका वेगळ्या कामाला लागते, त्याबद्दल पुढे.

कर्णा आणि रेकॉर्डर यांच्यामधली रबरी नळी इथेच पाहून घ्या. खाऱ्या हवेत ती कडक होते, चिरते. चीर असेल तर हवा तिथूनच निघून जाते आणि ‘बारीक आवाज’ हातात येतो. मऊ रबराचा नवा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. या सगळ्या यादीत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देणारी दुरुस्ती हीच.

चौथी: कीस बघा

हे मी सर्वांना स्वतःच्या डोळ्यांनी करायला सांगतो. टॉर्च घ्या, उजेड सिलिंडरवर तिरपा पाडा, रेकॉर्डर खाली सोडा आणि काही न बोलता वीस-पंचवीस फेरे कोरू द्या. नीलमापाशी मेणाचा कीस सुटताना दिसला पाहिजे. चांगला कीस बाळाच्या जावळासारखा असतो, बारीक, सलग आणि हलका. तो वळत बाजूला पडतो.

कीस भुग्यासारखा तुटून येत असेल तर मेण गार आहे नाहीतर कोरणी बोथट. गोळा होऊन नीलमालाच चिकटत असेल तर मेण मऊ किंवा दमट. आणि कीस मुळीच निघत नसेल तर कोरणी मेणाला टेकतच नाही. मग रेकॉर्डर धरणारी यंत्राची काठी पूर्ण खाली बसली आहे का, आणि रेकॉर्डरला खाली झुलतं वजन असेल तर ते बिजागरीवर मोकळं हलतंय का, ते बोटाने हलकेच पाहा. बिजागरीत जुना कीस आणि वाळलेलं तेल अडकलेलं असतं. कोरड्या मऊ ब्रशने काढा.

आता कोरलेला भाग पाहा. ताजी खाच चकचकीत दिसते, टॉर्चचा उजेड तिच्यावरून रेघेसारखा पळतो. राखाडी, मंद दिसली तर खरखर ऐकू येणारच, वाजवून बघायचीही गरज नाही. मग दुसऱ्या, वेगळ्या डब्यातल्या कोऱ्या सिलिंडरवर तेच करा. एकावर चकाकी आणि दुसऱ्यावर नाही, तर मेण वाईट. दोन्हीवर राखाडी, तर नीलमाकडे वळावं लागेल. पण अजून नको, मधल्या तपासण्या आहेत.

कोरताना कीस तोंडाने फुंकू नका. थुंकीचा बारीक तुषार मेणावर बसतो आणि पुढच्या पावसात तिथेच बुरशी उगवते. मेकअपचा मोठा मऊ ब्रश उत्तम.

पाचवी: सिलिंडर सरळ बसलाय का

‘फस्स-फस्स’ दर फेऱ्याला येत असेल तर हे पाहा. सिलिंडर ज्या किंचित निमुळत्या मॅन्ड्रेलवर चढतो तो आधी कोरड्या सुती कपड्याने पुसा. किसाचा एक कण खाली राहिला तरी सिलिंडर तिरका बसतो. सिलिंडर आतून दोन बोटं फाकवून धरायचा, बाहेरून पकडायचा नाही. हाताच्या घामाचे ठसे मेणावर राहतात. चढवताना हलकेच, दाबून ठोकायचा नाही. आणि काम झाल्यावर तो मॅन्ड्रेलवर तसाच ठेवून जेवायला जाऊ नका. तापमान उतरलं की मेण आवळतं, आतला धातू त्या मानाने आवळत नाही, आणि सिलिंडर उभा चिरतो.

मग लग्नाच्या आमंत्रणाचं जाड कार्ड घ्या, त्याची कड मेणाला न लावता अगदी जवळ धरा आणि मॅन्ड्रेल हाताने सावकाश फिरवा. कार्ड आणि मेण यांच्यातली उजेडाची फट एकसारखी राहिली पाहिजे. ती रुंद-अरुंद होत असेल तर सिलिंडर गोल राहिलेला नाही. कोरणी एका बाजूला खोल जाते आणि दुसऱ्या बाजूला वरवर. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या सिलिंडरांचं हे हमखास होतं.

असा सिलिंडर तासून गोल करता येतो. जुन्या काही यंत्रांवर त्यासाठी नीलमाची पातीच दिलेली असते. पण तासण्याआधी थांबा, पुढे एक सूचना आहे ती वाचा.

सहावी: वेग, आणि तोही कोरताना

मॅन्ड्रेलच्या टोकाला पांढऱ्या कागदाचा ठिपका चिकटवा. चावी पूर्ण द्या. यंत्र सुरू करा, थोडं स्थिरावू द्या, मग रेकॉर्डर खाली सोडून कोरताना फेरे मोजा. १५ सेकंदांत ४० फेरे यायला हवेत. मोजणं जमत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन हळू चालवा. रेकॉर्डर वर असताना ४० आणि खाली सोडल्यावर ३६ येत असतील, तर पट्टा घसरतोय.

पट्टा चामड्याचा. पावसाळ्यात तो ओलावा धरून लांबतो आणि वैशाखात पुन्हा आवळतो. म्हणून पावसात कापून आखूड करू नका, मे महिन्यात तो बेअरिंग ओढेल. आधी पुली कोरड्या कपड्याने पुसा, कारण तेलाचा एक थेंब तिथे असेल तर कुठलाच पट्टा टिकणार नाही. पट्ट्याचा सांधा सुटला असेल तर नवा पट्टा घ्या. जाड दोऱ्याने शिवलेला सांधा पुलीवर चढताना दर वेळी उसळतो आणि सूर डोलतो.

आता पेटी आणा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद काळी चार किंवा कुठलाही एकच सूर कर्ण्यासमोर धरा. ही काही माझी कल्पना नव्हे. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहासाठी देशोदेशी सिलिंडर भरणारे संशोधकही सुरुवातीला एक ठरावीक सूर फुंकून ठेवत, म्हणजे पुढे वाजवताना मूळ वेग सापडतो. वाजवून पेटीशी ताडून पाहा. सूर एकसारखा उतरलेला असेल तर वेग चुकीचा, पण स्थिर आहे, गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, स्क्रूने बदलेल. सूर डोलत असेल तर डोलण्याची लय ऐका. सेकंदाला अडीच-पावणेतीन वेळा असेल तर सिलिंडर किंवा मॅन्ड्रेल, त्याहून सावकाश असेल तर पट्टा, आणि थरथर जलद असेल तर गव्हर्नर. गव्हर्नरच्या चामडी गादीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच. गादी कोरडी पडली की तो कुरकुरतो.

तेलावरून एक गोष्ट आठवली. कोकणात कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, इथे चालत नाही. ते घट्ट होतं, खवट होतं आणि किसाबरोबर त्याचा चिकट लगदा होतो. पितळी कर्णा चिंचेने घासायचा असेल तर यंत्रापासून लांब नेऊन घासा आणि पूर्ण धुऊन वाळवा.

सातवी: फीड स्क्रू आणि अर्धा नट

कोरणी एकाच जागी घुटमळत असेल किंवा मध्येच उडी मारत असेल तर मॅन्ड्रेलच्या डाव्या बाजूचा बारीक आट्यांचा दांडा पाहा. त्यावर अर्धा नट टेकतो आणि रेकॉर्डरला उजवीकडे नेतो. खाऱ्या वाऱ्यात या दांड्याच्या आट्यांवर तांबूस गंज चढतो. जुना मऊ टूथब्रश, थोडं शिवणयंत्राचं तेल, आणि मग पूर्ण पुसून घ्या. सँडपेपर, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावायचं नाही. इंचात १०० आटे आहेत, दोन वेळा घासलं की आटे मेले.

अर्धा नट भिंगातून बघा. आट्यांची टोकं तीक्ष्ण दिसली पाहिजेत. सपाट झाली असतील तर नट झिजलेला आहे. तो वाकवून जास्त दाबत बसू नका, कारण नट झिजला तर नवा मिळतो, दांडा झिजला तर यंत्रच गेलं.

आठवी: पडदा

इथपर्यंत सगळं ठीक आणि आवाज तरीही बारीक, तरच रेकॉर्डर काढा. तोंडाची बाजू कानाला लावा आणि नीलम ज्या दांडीला बसवलेला आहे तिला बोटाच्या टोकाने अगदी हलकं स्पर्शा. कानात कोरडा, मोठा कर्र आवाज यायला हवा. दबका, कापसातून आल्यासारखा येत असेल तर पडद्याच्या दोन्ही बाजूंची रबरी कडी दगड झालेली आहेत. पडदा मोकळा हलतच नाही.

ही कडी बदलता येतात, पण बाहेरची पितळी रिंग आट्यांवर बसलेली असते आणि किनाऱ्यावरच्या यंत्रांत ती हिरवी होऊन जाम होते. हाताने, कपडा धरून, सहज सुटली तर पुढे जा. पक्कड लावावीशी वाटली की थांबा. आत पातळ काच किंवा अभ्रक आहे. काच तडकली तर मूळ काचेसारखी काच मिळेपर्यंत यंत्र मुकं.

इथे थांबायचं

नीलमाला भिंगाखाली टवका दिसला, किंवा दोन वेगळ्या मेणांवर खाच राखाडीच आली, तर तो घासून धार लावणं घरचं काम नाही. ब्लेडने, दगडावर, हिरेकाम करणाऱ्या सोनाराकडे, कुठेही नाही. त्या कोरणीचा कोन आणि पोकळ टोक ठरावीक असतं, आणि ते पुन्हा तसंच करणारे कारागीर मोजके आहेत.

चालताना मधूनच धप्प होत असेल तर कमानीच्या, म्हणजे चावीने आवळणाऱ्या स्प्रिंगच्या, डब्यातलं ग्रीस वाळलेलं आहे. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. हा डबा स्वतः उघडायचा नाही. यंत्र पूर्ण उतरलेलं असलं तरी आतली पोलादी पट्टी ताणात असते आणि सुटली तर हात कापते. गावातला घड्याळजी कितीही चांगला असला तरी त्यालाही हे देऊ नका, त्याने अशी कमान काढलेली असल्याशिवाय. गव्हर्नरची तुटलेली पट्टी आणि वाकलेला मॅन्ड्रेल याही त्याच यादीतल्या. ग्रामोफोनचे जाणकार मुंबईत आहेत, त्यांच्याकडे न्या.

आणि आता तासण्याची सूचना. भारतात १९०२ पासून तबकड्या भरल्या जाऊ लागल्या, पण तबकडीचा ग्रामोफोन फक्त वाजवायचा. घरी आवाज भरायची सोय सिलिंडरच्या यंत्रात होती. त्यामुळे माळ्यावर सापडलेला तपकिरी सिलिंडर कोरा दिसला तरी त्यावर कोणाच्या पणजोबांचा आवाज असू शकतो, आणि त्याची दुसरी प्रत जगात नाही. कोरे सिलिंडर ब्रिटन-अमेरिकेत काही कारागीर आजही ओततात. महाग पडतात, वाटेत फुटतात, तरी तेच मागवा. जुना सिलिंडर टॉर्चखाली बघा. खाचा दिसल्या तर पाती लावू नका. वाजवूही नका, विशेषतः बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर. बुरशी मेण खाते, तिथला आवाज गेलेलाच असतो, आणि रिप्रोड्यूसर उरलेलाही नेतो. अशा सिलिंडरचा आवाज न टेकता, प्रकाशाने खाचांचं चित्र घेऊन काढता येतो. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आयरीन नावाची यंत्रणा हेच करते. म्हणजे थांबण्यात नुकसान नाही.

तोपर्यंत असा सिलिंडर जुन्या कापसाच्या अस्तराच्या डब्यातून बाहेर काढा, कापूस ओल धरून ठेवतो. आम्लविरहित कागदाच्या डब्यात उभा ठेवा, आडवा नाही. डबे चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नकोत, घराच्या मधल्या खोलीत ठेवा. संग्रहालयं अठरा ते वीस अंश आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता राखतात. आपल्याला ते जमणार नाही, पण घट्ट झाकणाचा मोठा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला त्या बदलणं एवढं जमतं.

यंत्र कारागिराकडे नेताना रेकॉर्डर आणि रिप्रोड्यूसर काढून वेगळ्या डब्यात बांधा, काठी दोऱ्याने जागेवर अडकवा आणि कमान पूर्ण उतरू द्या. रेल्वेने जात असाल तर पेटी सीटखाली न सरकवता मांडीवर घ्या. सोबत बिघडलेला सिलिंडर आणि त्याच यंत्रावर त्याच दिवशी काही न बोलता कोरलेला दुसरा, असे दोन्ही न्या. न बोललेल्या खाचेत खरखर कुठून येते ते कारागिराला सहज दिसतं, आणि यंत्र उघडायचे पैसे कदाचित वाचतात.